डोक्यावरचे ऐंशी क्विंटल



या मेळाव्याआधी तालुक्या-तालुक्यांत ज्या बैठका झाल्या, त्यांत घरांचा प्रश्न निघाला आणि दोन टोकांचे दोन ठराव जिल्ह्याकडे आले. पहिला ठराव म्हणतो, गावातली माती-दगडाची सगळी जुनी घरे सरकारने पाडावीत आणि प्रत्येकाला सिमेंट काँक्रीटचे भूकंपरोधक घर बांधून द्यावे. दुसरा म्हणतो, आपला जिल्हा कमी धोक्याच्या झोनमध्ये आहे. घरकुलावर किंवा शाळेवर भूकंपाच्या नावाने एक रुपयाही जादा लावू नये, तो पैसा पाण्याला आणि रस्त्याला वळवावा.

दोन्ही ठराव मांडणारी माणसे आपलीच आहेत. पहिल्यांना भीती वाटते, ती खोटी नाही. दुसऱ्यांना पैशाची काळजी आहे, तीही खोटी नाही. पण दोन्ही ठराव हिशेब न मांडता झाले आहेत. कपाशीच्या एकरी खर्चाचा हिशेब आपण नांगरटीपासून वेचणीपर्यंत मांडतो. मग ज्या छपराखाली लेकरे झोपतात त्याचा हिशेब अंदाजाने का? मेळाव्यात हात वर करण्याआधी हा हिशेब सगळ्यांपुढे यावा म्हणून या अंकाची संपादकीय जागा आम्ही त्याला देत आहोत.

कमी धोका याचा अर्थ काय?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी अशी गावेच्या गावे काही क्षणांत ढिगारा झाली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. हे लिहिणारे आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या गावातून भाकरी बांधून ट्रक गेला होता, एवढे आठवते. जुने कार्यकर्ते तिकडून परत आले, ते कित्येक दिवस धड बोलत नव्हते.

त्या पहाटे सरकारी नकाशावर हा मुलूख कुठे होता? पहिल्या झोनमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात.

ही चूक पहिलीच नव्हती. भूकंपाचा १९६२ सालचा सरकारी नकाशा पाहा. त्यात एक झोन चक्क शून्य क्रमांकाचा होता. दख्खनचे पठार म्हणजे कोट्यवधी वर्षांचा थंडगार काळा दगड, तो कशाला हलतो, अशी तेव्हाची समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, १८० च्या आसपास माणसे दगावली आणि १९७० च्या नकाशातून शून्याचा झोन गेला. किल्लारीनंतर पुन्हा विचार झाला आणि २००२ च्या नकाशातून पहिला झोनही गेला. किल्लारीचा भाग तिसऱ्यात टाकला. मराठवाडा-विदर्भाचा बराचसा भाग दुसऱ्यात राहिला. म्हणजे नकाशा सुधारायला दोन्ही वेळा माणसे मरावी लागली.

याचा अर्थ नकाशा फेकून द्यावा असा नाही. नकाशा सांगतो तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. आपल्या भागातल्या पावसाची सरासरी तुम्हाला ठाऊक आहे. त्या सरासरीवरून यंदा जुलैत पावसाचा खंड किती दिवसांचा पडेल हे कळते का? झोनचेही तसेच आहे. कमी धोक्याचा झोन म्हणजे मोठा धक्का क्वचित येईल. आलाच तर तो हळू येईल, असे त्या नकाशात कुठे लिहिलेले नाही.

शेजारच्या हिंगोलीचे लोक हे जाणतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी तिथे ४.५ चा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. फार नुकसान झाले नाही. प्रशासनाने लोकांना एकच गोष्ट तातडीने सांगितली: पत्र्यावर ठेवलेले जड दगड खाली काढा. सांगितले ते अगदी बरोबर होते. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून आपण त्यावर दगड ठेवतो, आणि जमीन हलली की तोच दगड झोपलेल्या माणसाच्या छातीवर येतो. वाऱ्यावर इलाज दगड नसून हूक बोल्ट आहे. तो काही रुपयांना मिळतो.

तरीही दुसऱ्या ठरावातले खरे आम्ही खुल्या मनाने मान्य करतो. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांच्या उभ्या आयुष्यात मोठा भूकंप येणार नाही. दुष्काळ येईल, अतिवृष्टी येईल, रानात वीज पडेल, साप चावेल. हे दर वर्षी येते. तेव्हा क्वचित येणाऱ्या संकटासाठी शेतकऱ्याने किती खर्च करावा, हा प्रश्न भित्रेपणाचाही नाही आणि चिक्कूपणाचाही नाही. तो रास्त प्रश्न आहे.

माणसे कशाने मेली?

उत्तर शोधायचे तर आधी किल्लारीला माणसे कशाने मेली ते पाहावे लागते. भूकंपाची मोजणी ६.२ च्या आसपास झाली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराजवळ नॉर्थरिज येथे ६.७ चा, म्हणजे किल्लारीहून मोठा भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची, साडेचारची. शहर दाट वस्तीचे. माणसे गेली साठाच्या आसपास. किल्लारीला आठ हजार. एवढा फरक जमिनीने केला नाही, घरांनी केला.

आपल्या मुलखातले जुने माळवदाचे घर डोळ्यांपुढे आणा. दोन-अडीच फूट, कुठे चार फूट जाडीची भिंत. बाहेरून दगडांची एक फळी, आतून दुसरी, मधे चिखल आणि गोटे. दोन्ही फळ्यांना जोडणारा आरपार दगड क्वचित. चिखलाला धर कसला? जमीन हलली की एक फळी बाहेर फुगते, दुसरी आत कोसळते. वर लाकडी कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. मूळ थर घातला पणजोबांनी. पुढे दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आपण वर नवी माती टाकत आलो आणि जुनी कधी काढली नाही. वीतभर थराचा हातभर झाला.

आता हिशेब करा. दहा बाय बारा फुटांची खोली, वर दीड फूट माती. म्हणजे १८० घनफूट. दाबून बसलेली कोरडी माती घनफुटाला ४५ किलो धरली तर ८,१०० किलो होते. एक्याऐंशी क्विंटल! ज्वारीची ऐंशी पोती आपण माळवदावर रचून त्याखाली बाज टाकून झोपतो, आणि पावसात माती भिजली की त्यात आणखी पोत्यांची भर पडते.

त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्याकडे दगड-लाकडाला पैसा नव्हता, जे कुडाच्या, पऱ्हाट्यांच्या झोपडीत वरती गवत-पाचट टाकून राहत होते, त्यांची छपरे अंगावर आली तरी माणसे उठून बाहेर पडली. ज्या खणाच्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता आणि खांब-तुळयांची जोडणी पक्की होती, त्यातल्या पुष्कळ घरांच्या भिंती ढासळल्या, पण माळवद खांबांवर तोलून राहिले. म्हणजे ज्याला आपण भक्कम समजत होतो ते जड होते, आणि हलके ते वाचवणारे ठरले.

यातून एक धडा निघतो, आणि आमच्या मते या सगळ्या वादातली ग्यानबाची मेख तीच आहे. कमी धोक्याच्या भागात घर भूकंपात अजिबात तडकू नये असा अट्टहास धरला तर खर्चाला अंत नाही. घर तडको, वाकडे होवो, पण अंगावर पडू नये, एवढेच मागितले तर तो खर्च शेतकऱ्याच्या आवाक्यातला आहे.

नव्या घराचा हिशेब

कोणताही खर्च करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. किंमत किती? संकट आलेच नाही तरी त्याचा काही उपयोग आहे का? आणि आज केले नाही तर उद्या करता येईल का?

बीजप्रक्रिया आपण का करतो? खर्च थोडा असतो, रोग आला नाही तरी नुकसान नसते, आणि बी एकदा जमिनीत गेले की ती करता येत नाही. पुढे फवारण्यांनी निभावून न्यावे लागते आणि त्यांचा खर्च कितीतरी जास्त. नव्या घरातला काँक्रीटचा पट्टा ही घराची बीजप्रक्रिया आहे.

वीस फूट बाय बारा फुटांचे, मधे एक भिंत असलेले, विटांचे, वर पत्रे असलेले दोन खोल्यांचे घर धरू. साधेच बांधले तरी आजच्या भावाने तीन-साडेतीन लाख लागतात. सगळ्या भिंतींची लांबी मिळून ७६ फूट. दारा-खिडक्यांवर लिंटेल आपण टाकतोच. ते तुकड्या-तुकड्यांत न टाकता, नऊ इंच रुंद आणि तीन इंच जाड असा अखंड पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवायचा. आत आठ मिलिमीटरचे दोन गज लांबीने आणि सहा मिलिमीटरचे आडवे तुकडे दर अर्ध्या फुटाला. सिमेंट तीन गोण्या, लोखंड पंचवीस-तीस किलो, थोडी वाळू-खडी, सेंट्रिंग आणि मजुरी. आमच्या हिशेबाने सहा हजारांच्या आसपास. पत्र्याच्या घराला असाच दुसरा पट्टा पत्र्याखाली, भिंतीच्या माथ्यावर लागतो. वर स्लॅब टाकणार असाल तर दुसऱ्याची गरज नाही, स्लॅबच ते काम करतो. म्हणजे जास्तीत जास्त बारा हजार, घराच्या खर्चाच्या साडेतीन-चार टक्के. घर पन्नास वर्षे टिकले तर वर्षाला २४० रुपये. कपाशीच्या एका फवारणीचे औषध एवढ्यात येत नाही.

हा पट्टा काय करतो? चार भिंती सुट्या उभ्या असतात, त्यांना बांधून ठेवतो. कडब्याच्या पेंढीला आळा घालतो तसा. आळा नसलेली पेंढी उचलली तर काय होते ते सांगायला नको.

भूकंप आलाच नाही तर? काळ्या जमिनीत राहणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये. आपली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. घराचा पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंती कोपऱ्यात तडकतात. पट्टा भिंतींना एकत्र धरतो म्हणून या तडा कमी होतात. खोल काळ्या जमिनीवर जोत्यालाही असा एक पट्टा घातला तर पैसा वाया जात नाही. कबूल करायला लाज वाटते, पण आमच्यापैकीच एकाने, शेतीची पदवी घेतलेल्या आणि माती कशी फुगते हे परीक्षेत लिहून आलेल्या माणसाने, दहा वर्षांपूर्वी घर बांधताना पट्ट्याचे पैसे वाचवले. तिसऱ्या उन्हाळ्यात कोपरा वरपासून खालपर्यंत फाटला. वाचवलेल्याच्या दुपटीहून जास्त दुरुस्तीला गेले, आणि तड अजून दिसते.

काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही, गवंड्याजवळ उभे राहावे लागते. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवावी. पट्ट्याचे गज कोपऱ्यात तोडू नयेत, वळवून पुढच्या भिंतीत न्यावेत. गज कोपऱ्यात तोडलेला पट्टा म्हणजे गाठ न मारलेला दोर. दगडी भिंत बांधायची असेल तर थोड्या-थोड्या अंतरावर दोन्ही फळ्यांना धरणारा आरपार दगड घालावा. आणि पट्ट्यावर, भिंतीवर निदान आठ-दहा दिवस पाणी मारावे. घरात पाणी नाही म्हणून सिमेंट तहानेलेले राहिले तर महागाचे सिमेंटही मातीच.

जुन्या घराचा हिशेब

नवे घर बांधणारे गावात थोडे. जुन्यात राहणारे पुष्कळ. पहिल्या ठरावाने हाच मुद्दा उचलला आहे आणि तो खरा आहे. पण त्यावरचा उपाय आम्हाला पटत नाही.

तीनशे घरांचे गाव धरा. प्रत्येक घर पाडून तीन लाख चाळीस हजारांचे नवे बांधायचे तर एका गावाला दहा कोटी वीस लाख. अशी किती गावे? सरकार एवढा पैसा देणार नाही, आणि कधीतरी देईल या आशेवर लोक त्याच ऐंशी क्विंटलखाली आणखी वीस वर्षे झोपतील. स्वतः कर्ज काढून बांधावे म्हणाल तर साडेतीन लाखांचे बारा टक्क्यांनी व्याजच वर्षाला चाळीस हजारांवर जाते. कोरडवाहू पाच एकरांत कापूस-ज्वारी करून वर्षाकाठी काय उरते, हे आमच्या वाचकाला आम्ही काय सांगावे?

शिवाय काँक्रीट म्हणजे सुरक्षितता, ही समजूतच तपासून पाहावी लागते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळून माणसे मेली. खाली गाड्या लावायला नुसते खांब, वर मजल्यांचा भार आणि बांधकाम कच्चे. आपल्याकडे तर याहून वाईट प्रकार चालतो. चिखलातल्या जुन्या दगडी भिंतींवरचे माळवद काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकतात. घर पक्के झाले असे वाटते. झाले एवढेच की मातीच्या जागी काँक्रीटचे ओझे आले आणि भिंत आहे तिथेच आहे.

मग जुन्या घराचे करावे काय? पहिले आणि सर्वांत मोठे काम: माळवदाची माती कमी करा. थर वीतभर, आठ इंचांच्या आत आणा. खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा, वर माती चोपून पाण्याला उतार द्या. कागद असल्यावर गळतीसाठी दर वर्षी नवी माती चढवावी लागत नाही. दीड फुटांचे आठ इंच झाले की एक्याऐंशी क्विंटलचे छत्तीस होतात. निम्म्याहून जास्त ओझे उतरले.

दुसरे काम, खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे लाकडाचे किंवा लोखंडी अँगलचे तिरपे टेकू ठोका. बैलगाडीला आडव्या-तिरप्या पट्ट्या नसत्या तर ती पहिल्याच खड्ड्यात कलली असती, खांबाचेही तेच. तिसरे, जाड भिंतीत चार-चार फुटांवर आरपार भोक पाडून आत गज घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही फळ्या एकमेकींना धरतील. हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे, आणि भिंत आधीच फुगली असेल तर तिला हात लावण्याआधी माळवदाला धिरे द्यावेत.

खर्च? मातीच्या कामाची मजुरी, आठ-दहा टेकू, प्लास्टिक आणि भिंतीची भोके मिळून एका साध्या घराला बारा-पंधरा हजार. यातली निम्म्याच्या आसपास मजुरी आहे, आणि फाल्गुन-चैत्रात रान रिकामे झाल्यावर चार घरांनी मिळून इर्जिक घातले तर तीही वाचते. माती काढताना एका बाजूची सगळी काढून दुसऱ्या बाजूची ठेवू नका, सगळीकडून थर-थर उतरवा आणि त्या वेळी खाली कोणी थांबू नये. काढलेली माती शेतात टाकण्याआधी पाहून घ्या. गावठाणची पांढरी शेताला मानवते, पण माळवदावर मुद्दाम आणून टाकलेली खारी माती असेल तर ती रानात नको, वाटेवर टाका.

तीनशे घरांच्या गावाला या हिशेबाने पंचेचाळीस लाख लागतात. कुठे दहा कोटी आणि कुठे पंचेचाळीस लाख! दोन्हींनी सारखेच संरक्षण मिळते असे आम्ही म्हणत नाही. किल्लारीसारखा धक्का थेट गावाखाली बसला तर हे घर पुन्हा राहण्याजोगे उरणार नाही. पण माणसांना बाहेर पडायची संधी कितीतरी वाढते. आणि भूकंप आला नाही तरी पाऊस येतोच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात मातीची घरे कशी बसली ते सगळ्यांनी पाहिले. भिजलेले जड माळवद खाली यायला भूकंपाची वाट पाहत नाही.

पाडून बांधल्यावर काय झाले?

पहिला ठराव आणणाऱ्यांनी किल्लारीच्या पुनर्वसनाचा अनुभवही विचारात घ्यावा. जागतिक बँकेच्या कर्जातून फार मोठा कार्यक्रम झाला. बेघर झालेल्यांना घरे मिळाली, ती मिळायलाच हवी होती. त्याबद्दल दुमत नाही. पण घराचा आकार ठरला जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्यावर साडेसातशे. नव्या गावठाणांनी जुन्या गावांपेक्षा कितीतरी जास्त जमीन घेतली, आणि ती शेतीची होती. सरळ रस्ते, सुटी-सुटी घरे. त्यात बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, अवजारे कुठे ठेवायची, हे नकाशा काढणाऱ्याला सुचले नाही.

ज्या गावांत कमी नुकसान झाले होते तिथे जुनी घरे मजबूत करायला अनुदान होते. पुष्कळांनी त्यातून शेजारी एक नवी काँक्रीटची खोली उठवली. खोलीत धान्य आणि पाहुणे, घरचे मात्र जुन्याच माळवदाखाली! लोकांना दोष देऊन उपयोग नाही. नवे दिसते, मजबूत केलेले दिसत नाही. माहेरचे पाहुणे आल्यावर माळवदावरून उतरवलेली माती कोण दाखवणार? पण जिथे महिला मंडळांच्या बायांनी घरोघरी जाऊन काम समजावले आणि गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवले, तिथे काम बरे झाले. ही गोष्ट आपल्या मेळाव्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शाळेचा प्रश्न वेगळा

आता दुसऱ्या ठरावाबद्दल. घरकुलावर एक रुपयाही जादा लावू नये, हे आम्हाला मान्य नाही. पण नियम करणाऱ्यांनाही विचारायला हवे: पैसे कोण देणार? २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यातल्या बारा हजारांचे पट्टे म्हणजे दहा टक्के. अनुदान न वाढवता नुसती सक्ती केली तर लाभार्थी पट्टा घालणार नाही, एक खोली कमी करेल, नाहीतर सावकाराकडे जाईल. बिनपैशाची सक्ती हा गरिबावरचा कर आहे. पट्ट्याचे पैसे वेगळे द्या आणि मग पट्टा पाहूनच हप्ता सोडा, ही मागणी रास्त आहे.

शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र यांना मात्र कमी धोक्याचा हिशेब लावू नये. आपल्या घरात किती धोका पत्करायचा हे आपण ठरवू शकतो. शाळेत कुठल्या छपराखाली बसायचे हे सहा वर्षांचे पोर ठरवत नाही, आपण पाठवतो म्हणून ते जाते. किल्लारीचा भूकंप पहाटे झाला म्हणून माणसे घरांत सापडली. दिवसा झाला असता तर मोठी माणसे रानात असती आणि पोरे शाळेत. आणि दवाखाना तर असा हवा की संकटानंतर तोच उभा राहिला पाहिजे. तो पडला तर जखमींना न्यायचे कुठे? इथे नव्या बांधकामाला पाच-दहा टक्के जादा लागले तरी सरकारने लावावेत, आणि जुन्या इमारतींची जाणत्या अभियंत्याकडून तपासणी करावी. पाणी आणि रस्त्याचा पैसा त्यासाठी कापण्याचे कारण नाही.

मेळाव्यापुढे

म्हणून दोन्ही ठराव मागे घ्यावेत आणि त्यांच्या जागी पुढील चार कलमांचा एकच ठराव करावा, असे आम्ही सुचवतो.

एक: जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची, अंगणवाडीची आणि आरोग्य केंद्राची तपासणी होऊन तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. नव्या इमारतींच्या निविदेत भूकंपरोधक बांधकामाची अट असावी.

दोन: घरकुलाच्या अनुदानात पट्ट्यांचा खर्च वेगळा दाखवून वाढवून द्यावा. तोवर पट्टा नाही म्हणून कुणाचा हप्ता अडवू नये.

तीन: जुन्या घरांचे माळवद हलके करणे आणि टेकू देणे ही कामे रोजगार हमीच्या मजुरीत बसवावीत, आणि दर तालुक्यात निदान पन्नास गवंड्यांना या कामाचे शिक्षण द्यावे.

चार: हे कलम सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. मेळाव्याला आलेल्या प्रत्येकाने घरी गेल्यावर शिडी लावून माळवदावर चढावे, कडेला पहार घालून मातीचा थर मोजावा आणि वहीत लिहावा. पत्र्याचे घर असेल तर वरचे दगड त्याच दिवशी खाली काढून हूक बोल्ट बसवावेत. पुढच्या तालुका बैठकीत प्रत्येक गावाने आपला आकडा सांगावा: किती घरे, किती इंच माती, येत्या उन्हाळ्यात किती घरांची उतरवणार.

पहिली तीन कलमे मंजूर व्हायला किती वर्षे लागतील ते आपल्या लढ्यावर अवलंबून आहे. चौथ्याला कुणाची मंजुरी लागत नाही. पाऊस लागायच्या आत ते उरकता येते.